देवाची इच्छा आणि ताईचे तीन एकर

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या जालन्याच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जागरणाची उपासना असते. दहाच्या सुमारास लोक शाली-स्वेटर घालून जमू लागतात, गीते होतात, सरत्या वर्षात देवाने काय केले याच्या साक्षी होतात, बारा वाजले की सगळे गुडघे टेकतात, आणि प्रार्थना संपल्यावर पुढच्या टेबलावरच्या ताटातून प्रत्येक कुटुंबातले एक माणूस नव्या वर्षासाठी वचनाची एक चिठ्ठी उचलते. तरुण संघाच्या मुलींनी रंगीत कार्डशीटच्या पट्ट्या कापून, त्यांवर सुवाच्य अक्षरात शास्त्रवचने लिहून, त्यांच्या बारीक सुरळ्या करून ठेवलेल्या असतात. २०२१ सरताना मी त्या ताटात हात घातला तेव्हा मला केवळ वर्षभरासाठी आशीर्वादाचा शब्द नको होता; एका प्रश्नाचे उत्तर हवे होते.

पुण्यातील एका ख्रिस्ती वसतिगृहाने मला अधीक्षक म्हणून बोलावले होते. मार्च अखेरपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा होता. जालन्यातील शाळेत माझी चोवीस वर्षे झाली होती, मुलगा पुण्यातच शिकत होता, तिकडे राहायला जागा मिळणार होती, आणि इकडे आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नव्हते. तरीही पाय निघत नव्हता. दोन महिन्यांपासून मी रोज पहाटे एकच मागणे मागत होतो, की प्रभू, तुझी इच्छा काय आहे ते मला स्पष्ट दाखव.

सुरळी उलगडली तेव्हा यशयाच्या तिसाव्या अध्यायातील वचन निघाले: “हाच मार्ग आहे, ह्याने चला.” माझ्या अंगावर काटा आला. घरी येईपर्यंत मी आनंदात होतो. अंथरुणावर पडल्यावर मात्र लक्षात आले, की ‘हाच’ म्हणजे कोणता हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. पुणेही ‘हाच’ असू शकत होते आणि जालनाही.

त्या रात्री मला माझ्या आजीची एक गोष्ट आठवली. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, ख्रिस्ती झाल्यावर देवाला कौल लावणे सोडले होते. मूर्तीला फूल चिकटवायचे, ते उजवीकडे पडले तर होकार आणि डावीकडे पडले तर नकार, अशी ती रीत. त्या रीतीवर श्रद्धा असणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांविषयी मला टीका करायची नाही. माझे म्हणणे आम्हा ख्रिस्ती लोकांपुरते आहे. आजी सांगायची, की पणजोबा म्हणत, आता आपला देव बोलणारा आहे, त्याला कौल लावायचे कारण उरले नाही. आणि त्यांचा पणतू रंगीत पट्टीचा कौल हातात धरून जागा होता.

वचनाची चिठ्ठी वाईट आहे असे मी म्हणत नाही. आजारी माणसाला त्या एका ओळीने वर्षभर धीर दिलेला मी पाहिला आहे. परंतु धीर मिळवण्यासाठी वचन वाचणे आणि निर्णय काढण्यासाठी वचन ओढणे यांत अंतर आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात, यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना, प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या हे खरे. पण पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरला, आणि त्यानंतर संपूर्ण नव्या करारात मंडळीने निर्णयासाठी चिठ्ठी टाकल्याचा एकही उल्लेख येत नाही. इस्राएलाचा पुढारी गिदोन याने लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली, तो दाखलाही आपल्याकडे फार दिला जातो. रात्री खळ्यात लोकर ठेवली, सकाळी लोकर भिजलेली आणि जमीन कोरडी, दुसऱ्या रात्री त्याच्या उलट. शास्ते या पुस्तकाचा सहावा अध्याय सावकाश वाचला तर दिसते, की गिदोनाने काय करायचे ते देवाने त्याला आधीच सांगितले होते. स्वतः गिदोनच म्हणतो, “तू म्हटल्याप्रमाणे” जर माझ्या हातून इस्राएलाचा बचाव करणार असशील तर. इच्छा त्याला ठाऊक होती, धीर होत नव्हता, आणि देवाने त्याच्या भित्रेपणाला सांभाळून घेतले. त्याच्या त्या अशक्तपणाला आपण पद्धत करून टाकले आहे.

जानेवारीभर मी खुणा गोळा करत राहिलो. पुण्याहून एखादा फोन आला की मी ती खूण मानायचो. शाळेत मुख्याध्यापकांशी थोडे वाजले की तीही खूण. ‘दार उघडले आहे’ आणि ‘मनाला शांती आहे’ हे दोन शब्दप्रयोग आमच्या साक्षींमध्ये नेहमी येतात, आणि मी दोन्ही वापरत होतो. नंतर योना या संदेष्ट्याचे पुस्तक वाचताना मला जे दिसले ते मी आता तरुणांना आवर्जून सांगतो. देवाने निनवेला जा म्हटले आणि योना यापोला गेला, तर तिथे तार्शीशला जाणारे जहाज तयार उभे होते, भाड्याचे पैसे त्याच्याजवळ होते, आणि वादळ उठले तेव्हा तो जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. दार उघडे होते, मनाला शांतीही होती, आणि माणूस नेमका देवाच्या विरुद्ध दिशेने चालला होता.

फेब्रुवारीत जे घडले ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आमच्या घरी रात्रीच्या कुटुंब-प्रार्थनेत रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय क्रमाने वाचण्याची रीत आहे. १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरुवात करावी, म्हणजे वर्ष संपायच्या आत सगळे पवित्र शास्त्र वाचून होते. फेब्रुवारीच्या मध्यावर आम्ही गणना या पुस्तकात होतो. शिरगणतीची ती लांबलचक नावे मी घाईघाईने वाचत होतो आणि तसाच सत्ताविसाव्या अध्यायात शिरलो. सलाफहाद नावाचा मनुष्य रानात मरण पावला, त्याला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशे, याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव कुळातून का नाहीसे व्हावे, आम्हांलाही वतन द्या. मोशेला उत्तर ठाऊक नव्हते. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि परमेश्वराने सांगितले, की त्या मुली म्हणतात ते बरोबर आहे, त्यांना वतन दे.

पवित्र शास्त्रात देवाची इच्छा काय आहे असे सरळ विचारले गेले आणि सरळ उत्तर मिळाले, अशा ज्या मोजक्या जागा आहेत त्यांपैकी ही एक, आणि प्रश्न होता मुलींच्या शेतजमिनीचा. मी पुढचा अध्याय काढला. त्यात पुण्याविषयी काही नव्हते म्हणून मी थांबलो नाही.

प्रार्थना संपली. बायको सतरंजीची घडी घालत होती. घडी घालता घालताच तिने विचारले, “अहो, ताईंनी सही केली तेव्हा त्यांनी तो कागद वाचला होता का?”

माझे वडील २००८ साली वारले. आई त्यांच्या आधीच गेली होती. मागे अंबड तालुक्यातील सहा एकर जमीन, एक विहीर, आणि आम्ही दोघे: मी आणि परभणीला दिलेली माझी थोरली बहीण. पुढच्या वर्षी गावातील सर्वांनी सांगितले, की बहिणीचे हक्कसोडपत्र करून घे, म्हणजे सातबारा निर्वेध होईल. आमच्याकडे ही इतकी सवयीची गोष्ट आहे, की बहिणीने हक्क सोडला नाही तर ‘तिने माहेर तोडले’ असे बोलले जाते. मी ताईला बोलावून घेतले, दुय्यम निबंधक कार्यालयात नेले, कारकुनाने दाखवल्या त्या त्या जागी तिने सह्या केल्या, अंगठा दिला, फोटो दिला. दुपारी बाहेरच्या हॉटेलात आम्ही पुरी-भाजी खाल्ली. मी तिला साडी घेतली आणि गाडीत बसवून दिले. तिने कागद वाचला नव्हता. मीही तिला वाचून दाखवला नव्हता.

ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि त्यात बापाच्या मिळकतीत मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. हे मला २००९ मध्येही ठाऊक होते. म्हणजे ताईचे तीन एकर होते, आणि मी ते एका साडीवर घेतले होते. त्यानंतर तेरा वर्षे मी मंडळीत शास्त्रपाठ घेतला, संडे स्कूल चालवले, प्रभुभोजनाला बसलो.

मी बायकोला म्हणालो, “तो विषय वेगळा आहे.” तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा गुडघे टेकले आणि पुन्हा पुण्याचे मागणे मागू लागलो, तर मला शब्द सुचेनात. ती काही अलौकिक वाणी नव्हती. एखाद्या माणसाने आपल्याला एक काम सांगून ठेवावे, आपण ते न करता त्याच्याकडे दुसऱ्या कामाची चौकशी करायला जावे, आणि त्याने फक्त आपल्याकडे पाहावे, तसे काहीसे ते होते. योहानाच्या सातव्या अध्यायात प्रभू म्हणतो, की जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार असेल त्याला समजेल. आधी कळावे आणि मग करायचे की नाही ते मी ठरवावे, असा माझा हिशेब होता. प्रभूने मांडलेला क्रम उलटा आहे.

इथे थोडे थांबून ‘इच्छा’ या शब्दाविषयी लिहिले पाहिजे, कारण या एकाच शब्दाने आपण दोन निराळ्या गोष्टी बोलतो. जगात जे काही घडते ते देवाच्या हाताबाहेर नाही, या अर्थी एक इच्छा. आणि आपण कसे वागावे अशी त्याची आज्ञा आहे, या अर्थी दुसरी. अनुवाद या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात हा भेद स्वच्छ मांडला आहे: गुप्त गोष्टी परमेश्वराच्या स्वाधीन आहेत, आणि प्रकट केलेल्या गोष्टी आपल्या व आपल्या मुलाबाळांच्या, त्या आचरणात आणण्यासाठी. आपण नेमके उलटे करतो. गुप्त ते खोदत बसतो आणि प्रकट ते बांधून ठेवतो.

हा गोंधळ माणसाला किती निष्ठुर करू शकतो ते मी किल्लारीला पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. मी बावीस वर्षांचा होतो. काही दिवसांनी मंडळीतील आम्ही मुले धान्य आणि ब्लँकेटे घेऊन तिकडे गेलो. एका पडलेल्या माळवदाच्या घरापाशी एक बाई हाताने माती उपसत होती. दगडांच्या फटीतून पितळी घागरीचा काठ दिसत होता आणि ती तो बोटांनी मोकळा करत होती. आमच्याबरोबरचे एक वडील गृहस्थ तिच्याजवळ गेले आणि अगदी मायेने म्हणाले, “बाई, देवाची इच्छा.” तिचा हात थांबला. तिने वर पाहिले, काहीच बोलली नाही, आणि पुन्हा माती उपसू लागली.

त्या गृहस्थांचा हेतू चांगला होता. तरीही ते वाक्य तिथे उच्चारण्याचा अधिकार आम्हांपैकी कोणालाच नव्हता असे मला त्या दिवशी वाटले आणि आजही वाटते. माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि माळवदाचे प्रचंड ओझे अंगावर कोसळून. भक्कम घर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ज्या रीतीने बांधले त्याच रीतीने त्यांचा घात केला. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा माणसांविषयी प्रभू बोलतो तेव्हा तो ती देवाची इच्छा होती असे सांगत नाही, ते अधिक पापी होते असेही म्हणू देत नाही. ऐकणाऱ्यांकडे वळून तो म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावण्याचे काम तो आपल्या हातून काढून घेतो आणि आपले काम आपल्या हातात देतो. त्या ठिकाणी आमच्यापुरती देवाची प्रकट इच्छा एवढीच होती, की खाली बसून त्या बाईबरोबर माती उपसावी. आमच्यातील दोघांनी ते केले. मी उभा राहून पाहत होतो.

प्रकट इच्छा शोधायला फार लांब जावे लागत नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल ‘देवाची इच्छा ही आहे’ असे शब्द सरळ वापरतो: तुमचे पवित्रीकरण व्हावे, आणि सर्व स्थितीत तुम्ही उपकारस्तुती करावी. मीखा संदेष्टा म्हणतो, “बरे काय ते त्याने तुला दाखवले आहे,” आणि पुढे नीती, दया व देवाबरोबर नम्रपणे चालणे ही तीन नावे घेतो. दाखवले आहे, दाखवणार आहे असे नव्हे. माझ्या नोकरीविषयी, मुलाच्या लग्नाविषयी, घर कुठे बांधावे याविषयी शास्त्र बहुधा गप्प असते. परंतु मी मजुराचा दिवसभराचा पैसा संध्याकाळी द्यावा की नाही, बहिणीचा वाटा द्यावा की नाही, भावकीत अबोला धरावा की नाही, याविषयी ते गप्प नाही. आपल्या घराघरांत यिर्मयाचे ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ हे वचन कॅलेंडरवर छापलेले असते. ते ज्या पत्रातून घेतले आहे त्याच पत्रात बाबेलच्या बंदिवानांना सत्तर वर्षे थांबायचे आहे असे सांगितले आहे, आणि तोपर्यंत काय करायचे तेही सांगितले आहे: घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा. पुढची सत्तर वर्षे देवाने आपल्याकडे ठेवली आणि आजचा दिवस त्यांच्याकडे दिला.

मार्चच्या पहिल्या शनिवारी मी एकटाच रेल्वेने परभणीला गेलो. ताई ओसरीवर तुरी पाखडत होती. दाजी बाहेर गेले होते ते बरेच झाले. तिने पाणी दिले, चहा टाकायला निघाली, मी तिला बसवून घेतले आणि जे सांगायचे होते ते पाठ केल्यासारखे सांगून टाकले: कागदात काय होते, कायदा काय होता, मला काय ठाऊक होते. ‘क्षमा कर’ हे शब्द मी मंडळीत शेकडो वेळा शिकवले आहेत. तिथे ते तोंडातून निघायला फार वेळ लागला.

तिने सूप खाली ठेवले नाही. तुरी एका अंगाला सरकवत म्हणाली, “आता कामून? इतके दिस नाही सुचलं ते?”

मी तिला गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायाविषयी सांगितले. ती थोडा वेळ खाली पाहत राहिली. मग म्हणाली, “थोरलीच्या लग्नाला आम्ही व्याजानं पैसे काढले होते. तव्हा मला वाटलं होतं तुला म्हणावं. पण सही तर मीच केली होती.” एवढेच. ती रडली नाही, तिने मला मिठी मारली नाही, आणि ‘जाऊ दे, झाले ते झाले’ असेही म्हणाली नाही. ती तसे म्हणाली असती तर मला किती सोपे गेले असते हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होते. मी ज्या वर्षांत संकल्पांची वचने पाठ करत होतो त्या वर्षांत माझी बहीण सावकाराचे व्याज भरत होती. ती वर्षे कोणत्याही दस्ताने परत करता येत नाहीत. जक्कय नावाचा जकातदार प्रभूला म्हणाला होता की अन्यायाने घेतले असेल ते चौपट परत करतो. माझ्या हातून तर नुसती मुद्दलच निघत होती.

बाकी तपशील थोडक्यात सांगतो. बक्षीसपत्र करायचे ठरले, मुद्रांक शुल्क भरले, त्याच कार्यालयात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी कारकुनाला थांबायला सांगितले आणि संपूर्ण दस्त ताईला मोठ्याने वाचून दाखवला. रांगेतील लोक कुरकुरले. तिने मध्ये दोनदा थांबवून अर्थ विचारला. मग सही केली.

पुण्याचे काय झाले असे वाचणारे विचारतील. ताईकडून परत आल्यावर पुण्याविषयी एकदम स्पष्ट उत्तर मिळाले, असे लिहिले असते तर साक्ष म्हणून ते फार शोभले असते. तसे झाले नाही. झाले ते एवढेच, की त्या प्रश्नाचा फास सैल पडला. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात, मनाचे नवीकरण झाल्यावर देवाची उत्तम, ग्रहणीय व परिपूर्ण इच्छा समजून घेता येईल असे म्हटले आहे. तिथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ धातूची पारख करावी तसे पारखणे असा आहे. पारख चिठ्ठीने येत नाही, हाताखालून बरेच सोने-पितळ गेल्यावर येते. माझी पारख तेरा वर्षे एका कागदाखाली दबलेली होती, आणि अशा माणसाने पुण्याविषयी काहीही ठरवले असते तरी त्यात स्वार्थ किती आणि सेवा किती हे त्याला सांगता आले नसते.

म्हणून आम्ही साध्या मार्गाने गेलो. पाळकसाहेब आणि मंडळीतील दोन वडील यांना घरी बोलावले, बायकोला बोलू दिले, मुलाला फोनवर घेतले. प्रेषितांच्या काळात यरुशलेमेच्या सभेने मंडळ्यांना पत्र लिहिताना “पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले” असे म्हटले आहे; त्या ‘आम्हांला’ या शब्दाचे मोल आपण फार कमी लेखतो. इग्नाती लोयोला या सोळाव्या शतकातील संताचा एक नियम पाळकसाहेबांनी सांगितला, की मन उदास, कोरडे, अंधारलेले असेल तेव्हा आधी केलेला निश्चय बदलू नये. आम्ही प्रोटेस्टंट, पण नियम सर्वांच्या उपयोगाचा आहे. शाळेतील कटकटींना कंटाळून मी निघत होतो का, असे त्यांनी विचारले, आणि काही अंशी तसे होते. बायकोचे वृद्ध वडील आमच्याच आधाराने जालन्यात राहतात. त्यांना पुण्याच्या वसतिगृहात नेणे शक्य नव्हते, आणि आईबापांचा सन्मान करा ही आज्ञा आवाज न करता मेजावर येऊन बसली. शेवटी जाऊ नये असे ठरले. मी नकार कळवला.

तो निर्णय शंभर टक्के देवाच्या इच्छेप्रमाणे होता, असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात सोरेचे शिष्य आत्म्याच्या द्वारे पौलाला सांगतात की यरुशलेमेस जाऊ नको, कैसरियाचे लोक रडून विनवतात, आणि पौलाचा निश्चय ठाम की मला गेलेच पाहिजे. दोन्हीकडे प्रार्थना करणारी माणसे, दोन्हीकडे प्रीती. शेवटी ते म्हणतात, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो, आणि गप्प राहतात. माझ्या मते त्या गप्प राहण्यात मोठी श्रद्धा आहे. याकोबही ‘प्रभूची इच्छा असेल तर’ आपण अमुक करू असे म्हणायला शिकवतो. योजना करू नका असे शिकवत नाही.

आमच्या जालन्यात हे समजायला नारायण शेषाद्रींची आठवण पुरे आहे. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या आश्रयाला गेला होता, आणि न्यायालयाने त्या अल्पवयीन मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. एक भाऊ इकडे, एक तिकडे. पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या हातून जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी राहिली, आणि आज आम्ही मागे वळून तिच्याकडे बोट दाखवतो आणि देवाची इच्छा म्हणतो. त्या घालमेलीच्या दिवसांत त्यांना बेथेल दिसत नव्हते. तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे आहे असे स्तोत्रकर्ता म्हणतो. आणि रात्री कंदील घेऊन शेतात पाणी द्यायला गेलेल्या कोणालाही ठाऊक असते, की त्या उजेडात पुढचा वाफा दिसतो, शेताचे दुसरे टोक दिसत नाही.

फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर ताईचे नाव लागायला काही आठवडे गेले. आर्द्रा नक्षत्राचा पाऊस झाल्यावर ती भाच्याला घेऊन पेरणीसाठी गावी आली. पाय काळ्या मातीत रुतत होते. मोजणीचे दगड रोवलेले होते, पण गवत वाढल्यामुळे ते नीट दिसत नव्हते. ती बांधावर उभी राहून इकडून तिकडे पाहत होती. वडिलांबरोबर ती या शेतात वेचणीला यायची तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो.

“माझी बाजू कोणती?” तिने विचारले.

मी दाखवली.

“म्हंजे हीर माझ्याकडं आली,” ती म्हणाली.

विहीर खरोखरच तिच्या हद्दीत गेली होती. मोजणीच्या दिवसापासून ते मला ठाऊक होते, आणि तिच्याजवळ तो विषय काढायचे मी टाळत आलो होतो. मी काही बोलण्याआधीच तिने पदर खोचला, बियाण्याच्या पिशवीचे तोंड सोडले आणि म्हणाली, “एक दिवस तुझी मोटार, एक दिवस माझी. ते कागदावर लिहून घेऊ, आणि या टायमाला मी वाचून दाखवते.”